पहिली गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट: कर्ज किती झेपेल, धोका नेमका कुठे?

मृगशीर्ष | सोमवार, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही नोकरी करतो, पिंपरी-चिंचवडला राहतो. राहत्या घराचा हप्ता २८,००० आहे आणि अजून ११ वर्षं बाकी आहेत. दोघांचा मिळून हातात येणारा पगार १ लाख ६५ हजार. एक मुलगी, वय ४. आठ वर्षांत जमवलेले २२ लाख आहेत आणि ते "कुठेतरी जागेत" घालावेत असं घरात सगळ्यांचं मत आहे.

समोर दोन पर्याय आहेत. पहिला म्हणजे पुनावळ्यात बांधकाम चालू असलेला टू बीएचके, ७२ लाख, ताबा तीन वर्षांनी. सेल्स ऑफिसमध्ये सांगितलं की आता फक्त १० टक्के भरा, बाकी बँक देईल, ताब्यापर्यंत व्याज बिल्डर भरेल, तुम्हाला हप्ता नाही. दुसरा शिरवळच्या पुढे ३ गुंठ्यांचा प्लॉट, १४ लाख. एनए (बिनशेती) "होणारच आहे" म्हणतात. बाबांचा ओढा प्लॉटकडे आहे, त्यांच्या मते जमीन कधी बुडत नाही. आमची सांगली जिल्ह्यात थोडी वडिलोपार्जित शेती आहे, त्यामुळे शेतकरी दाखल्याची अडचण नाही.

यात आम्ही दोघंही नवखे आहोत. ज्यांनी हे केलंय, चांगलं-वाईट दोन्ही अनुभव घेतलेत, त्यांनी कृपया लिहावं.

आजीची_गोधडी | सोमवार, रात्री १०.०५

वाचतेय. आमच्याही घरात दर रविवारी हाच विषय असतो.

निवृत्त_बँकवाला | सोमवार, रात्री ११.१५

गृहकर्ज विभागात माझी बावीस वर्षं गेली. आधी आकडे मांडू, मग मत देतो.

फ्लॅटची किंमत ७२ लाख. पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये स्टॅम्प ड्युटी ७ टक्के, म्हणजे ५ लाख ४ हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३०,०००. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख ६० हजार. झाले ८० लाख ९४ हजार. दस्तात एकट्या पत्नीचं नाव असेल तर स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सवलत मिळते. जोडीने तुमचंही नाव घातलंत तर ती जाते.

आता कर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यापुढे ७५ टक्क्यांपर्यंतच बँक देऊ शकते. या किमतीत स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी धरत नाहीत. नवीन माणूस हमखास इथे चुकतो. ७२ लाखांचे ८० टक्के म्हणजे ५७ लाख ६० हजार. उरलेले २३ लाख ३४ हजार तुमच्या खिशातून. तुमच्याकडे २२ आहेत. म्हणजे पंखा, ट्रॉल्या, ग्रिल असं काहीही बसवायच्या आधीच तुमची तिजोरी रिकामी होऊन वर सव्वा लाख कमी पडतात. ही तूट लोक पर्सनल लोन, सोनेतारण किंवा मेव्हण्याकडून भरून काढतात. पर्सनल लोन काढून डाउन पेमेंट करणारे ग्राहक मी डोळ्यांनी बघितलेत. त्यांतल्या बहुतेकांना दोन वर्षांत दोन्ही हप्ते ओढणं अवघड गेलं.

८.५ टक्क्यांनी २० वर्षांचा हप्ता जवळजवळ ५०,००० बसेल. आधीचे २८ धरून ७८. तुमच्या १६५ मधले ७८ म्हणजे ४७ टक्के. अर्ज केलात तर कर्ज बहुधा मंजूर होईल. पण बँक तुमचा पगार आणि सिबिल (कर्जफेडीचा इतिहास) बघते. मुलीची शाळा, आईवडिलांचं आजारपण, दोघांपैकी एकाची नोकरी सहा महिने जाणं हे बँकेच्या गणितात नसतं. ते तुम्हालाच धरावं लागतं.

भाड्याने भागेल म्हणाल, तर त्या भागात असा फ्लॅट साधारण २२ हजारांना जातो असं धरू. वर्षातला एक महिना रिकामा गेला, मेंटेनन्स महिना साडेतीन हजार आणि मालमत्ता कर वर्षाला १२ हजार धरला, तर हातात वर्षाला १ लाख ८८ हजार येतात. ८१ लाखांवर हे सव्वादोन-अडीच टक्के झाले आणि कर्ज साडेआठ टक्क्यांचं. मधली फट दर महिन्याला तुमच्या पगारातून भरायची. तीही ताबा वेळेवर मिळाला तर.

म्हणून मी आधी विचारतो ते हे: भाडं शून्य आणि ताबा दोन वर्षं उशिरा, असं धरून तुमचं घर चालतं का? चालत असेल तर पुढचं बोलू.

कोथरूडची | मंगळवार, सकाळी ७.५०

मृगशीर्ष, "ताब्यापर्यंत हप्ता नाही" हे वाक्य वाचलं आणि रात्री झोप लागली नाही. सविस्तर लिहिते.

२०१३ च्या सुरुवातीला आम्ही पुण्याच्या वेशीवर एक फ्लॅट घेतला, ४६ लाखांचा. योजना २०:८०. आम्ही २० टक्के भरले, बँकेने ३६ लाख ८० हजार जवळजवळ एकदमच बिल्डरला देऊन टाकले. तेव्हा इमारतीचा पायासुद्धा पूर्ण झाला नव्हता. करारात लिहिलं होतं की ताब्यापर्यंतचं प्री-ईएमआय व्याज, म्हणजे हप्ता सुरू होण्याआधीचं नुसतं व्याज, बिल्डर भरेल. सव्वादहा टक्क्यांनी ते महिना ३१ हजारांच्या वर होतं. २६ महिने त्याने भरलं. सत्ताविसाव्या महिन्यात बँकेतून मला फोन आला. बिल्डरला नव्हे, मला. कारण कर्ज माझ्या आणि नवऱ्याच्या नावावर होतं.

बँक, बिल्डर आणि आमच्यातला त्रिपक्षीय करार आम्ही काढून बघितला. त्यात स्पष्ट कलम होतं: बिल्डरने व्याज भरलं नाही, काम थांबवलं किंवा प्रकल्प रद्द झाला तरी कर्जदाराची परतफेडीची जबाबदारी संपत नाही. सही आम्हीच केली होती. सहीच्या दिवशी चाळीस पानं पुढे सरकवली गेली आणि आम्ही पेढे वाटायच्या गडबडीत होतो.

तीन महिने आम्ही भांडण्यात घालवले आणि हप्ता भरला नाही. तेवढ्यात दोघांचाही सिबिल स्कोअर कोसळला. पुढे नवऱ्याला साधं शैक्षणिक कर्ज काढताना त्रास झाला. मग निमूट भरायला लागलो. एकीकडे घरभाडं, दुसरीकडे ३१ हजार. माझ्या बांगड्या तेव्हा गेल्या.

ताबा डिसेंबर २०१६ ला मिळायचा होता. चार मजल्यांचा सांगाडा उभा राहिला आणि काम थांबलं. १ मे २०१७ पासून रेरा कायद्याखालचं महारेरा, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणारं राज्याचं प्राधिकरण, आलं, तेव्हा पहिल्यांदा कुणाकडे तरी जाता आलं. २०१८ ला तक्रार केली. आदेश आमच्या बाजूने लागला: पैसे व्याजासकट परत. रेराच्या कलम १८ खाली हा हक्क आहे आणि महाराष्ट्रात व्याज स्टेट बँकेच्या सर्वोच्च एमसीएलआर (बँकेचा कर्जाचा पायाभूत दर) अधिक २ टक्के असं धरतात. पण आदेश वेगळा आणि पैसे वेगळे. बिल्डरने भरले नाहीत म्हणून वसुली वॉरंट निघालं. ते जमीन महसुलाची थकबाकी असल्यासारखं जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होतं. पण त्याच्या नावावर जप्त करण्यासारखं जे होतं त्यावर आधीच दुसऱ्यांचे बोजे होते. २०२३ मध्ये थोडी रक्कम हातात आली. सगळी अजूनही नाही.

लोक म्हणतात, रेरा आल्यावर हे होत नाही. काही गोष्टी खरंच सुधारल्या. खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात, ते बांधकाम आणि जमिनीसाठीच काढता येतात. नोंदणीकृत ॲग्रीमेंटशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सांगितलं की कर्जाचे पैसे बांधकामाच्या टप्प्यानुसारच द्या. राष्ट्रीय आवास बँकेने जुलै २०१९ मध्ये हाउसिंग फायनान्स कंपन्यांना बिल्डरने व्याज भरायच्या योजनांवर कर्ज देणं थांबवायला सांगितलं. तरी नाव बदलून तीच गोष्ट परत दारात येते. कधी "व्याज बिल्डर तुम्हाला परत करेल", कधी "भाड्याची हमी". शब्द काहीही असो, एकच बघ: व्याज थांबलं तर बँक कुणाला फोन करणार?

काल तुझी पोस्ट वाचताना मला २०१३ ची मी दिसले. म्हणून एवढं लिहिलं.

मृगशीर्ष | मंगळवार, सकाळी ९.१०

ताई, हे सगळं परत आठवून लिहिलंत, मनापासून आभार. करार वाचायला मागायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. आज फोन करून त्रिपक्षीय कराराचा मसुदा मागते.

बँकवाले काका, तुमचा हिशेब मी नवऱ्याला वाचून दाखवला. आम्ही ७२ मधून ५७.६ वजा करून १४.४ लाख लागतील असंच धरलं होतं. वर सात लाख शिल्लक राहतील म्हणून खूश होतो.

कल्याण_लोकल | मंगळवार, दुपारी १.३०

रेराचा नंबर आहे म्हणजे झालं, असंही समजू नका. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या हद्दीतल्या ६५ इमारतींचं प्रकरण आठवतंय ना? महापालिकेची बनावट बांधकाम परवानगी दाखवून रेरा नोंदणी मिळवली होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या इमारती पाडायचा आदेश दिला. तिथल्या अनेकांना बँकांची कर्जंही मिळाली होती. त्यांनी सगळं विचारलं होतं, फक्त महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तो परवानगी क्रमांक खरा आहे का, हे बघितलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं बघायला.

आमच्या चाळीतलं एक कुटुंब तिथे गेलं होतं. त्यांच्याकडे बघवत नाही.

तेव्हा महारेराच्या साइटवर प्रकल्प उघडा, त्यावरचं बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र उतरवून घ्या आणि तोच कागद घेऊन महापालिकेत जा. अर्धा दिवस जाईल.

सातबारा | मंगळवार, रात्री ८.२०

जमिनीच्या व्यवहारांची वकिली करतो, सातारा-पुणे पट्ट्यात. प्लॉटवर कुणी लिहिलं नाही म्हणून मी लिहितो. फ्लॅटपेक्षा मला त्याचीच जास्त काळजी वाटली.

"एनए होणारच आहे" याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे. शेतकरी दाखला असला तरी ३ गुंठे शेतजमीन तुम्हाला सुटी विकत घेता येत नाही. १९४७ चा तुकडेबंदी कायदा त्यासाठीच आहे. प्रमाणभूत, म्हणजे सरकारने ठरवलेल्या किमान क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याचं खरेदीखत नोंदवताच येत नाही. शहरी हद्दीत आणि विकास आराखड्यातल्या रहिवासी पट्ट्यात सरकारने अलीकडे सवलती दिल्यात, पण शिरवळच्या पुढचं एखादं शिवार त्यात बसतं का, हे त्या गटनंबरावर ठरेल, दलालाच्या बोलण्यावर नाही.

मग हे लोक विकतात कसं? कधी दहा-वीस खरेदीदारांना एकत्र करून अख्खा गट सामाईक नावावर करतात. सातबाऱ्यावर वीस नावं लागतात, जागेवर चुन्याच्या रेघा मारलेल्या असतात. त्या रेघांना कायद्यात काही किंमत नाही. उद्या एकाला विकायचं असेल तर एकोणीस जणांच्या दारात जावं लागतं आणि त्यातले दोघे वारलेले, एक अमेरिकेत असतो. कधी शंभराच्या किंवा पाचशेच्या स्टॅम्पवर साठेखत (पुढे विकण्याचा करार) करून नोटरी करून देतात. नोटरीने मालकी मिळत नाही. शंभर रुपयांहून जास्त किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत दस्तानेच होते, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यापासूनचं आहे. माझ्याकडे अशी नोटरीची कागदं प्लास्टिकच्या पिशवीत जपून घेऊन येणारे लोक दर महिन्याला येतात. बहुतेक निवृत्त झालेले, फंडाचे पैसे घातलेले. त्यांना खरं सांगताना माझाच घसा कोरडा पडतो.

बँका अशा तुकड्यावर कर्ज देत नाहीत. मग दलाल म्हणतो, "कर्जाची भानगडच नको, रोख द्या, स्वस्तात देतो." नवीन माणसाला हे सोयीचं वाटतं. मी उलटं सांगतो. बँक ज्या जमिनीवर कर्ज द्यायला तयार नाही, तिथे बँकेच्या वकिलाला काहीतरी दिसलेलं असतं. कर्ज घ्यायचं नसलं तरी "यावर कर्ज मिळेल का" हे एका बँकेत विचारून या.

खरा प्लॉट कसा असतो? बिनशेतीचा आदेश निघालेला, रेखांकन मंजूर, प्रत्येक प्लॉटचा वेगळा सातबारा, आणि मूळ जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी असेल तर प्लॉटिंगचीही रेरा नोंदणी. यातलं एक जरी "प्रोसेसमध्ये" असेल तर ते पूर्ण होईपर्यंत पैसे आपल्याच खात्यात राहू द्या.

उतारा बघताना लोक फक्त मालकाचं नाव वाचतात. तुम्ही भूधारणा पद्धती वाचा, वर्ग १ की वर्ग २. "इतर हक्क" वाचा: सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाचं नाव, बहिणींचे हक्क, वनविभागाची नोंद, दाव्याची नोंद. मग खालचे फेरफार (हक्क बदलल्याच्या नोंदी) क्रमांक घेऊन एकेक फेरफार काढा. वारसनोंदीत मुलींची नावं वगळलेली दिसली तर तिथेच थांबा. किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि वकील तुमचा नेमा, विकणाऱ्याचा नको. त्याचे दहा-पंधरा हजार जातील.

नाशिककर_२२ | बुधवार, सकाळी १०.००

सगळेच घाबरवतायत म्हणून दुसरी बाजूही लिहितो. मला जागेतली गुंतवणूक लाभली आहे.

२०१८ ला नाशिकरोडला रीसेलचा वन बीएचके घेतला, १९ लाखांचा. इमारत बारा वर्षांची, भोगवटा प्रमाणपत्र हातात, सोसायटीच्या नावावर कन्व्हेयन्स (जमीन-इमारतीच्या मालकीचं हस्तांतर) झालेला. जीएसटी नाही, ताब्याची वाट नाही. कर्ज फक्त ९ लाख, १० वर्षांसाठी. हप्ता ११,३०० च्या आसपास, पहिलं भाडं ७,५००. म्हणजे महिन्याला साडेतीन-चार हजारच खिशातून. कोविडमध्ये भाडेकरू पाच महिने गावी गेला, तेव्हाही गाडी अडली नाही. आता भाडं १०,५०० आहे.

यात हुशारी काही नाही. घेण्याआधी मी त्या सोसायटीच्या सेक्रेटरींकडे दोन संध्याकाळी जाऊन बसलो. कुणाची थकबाकी आहे, पाणी किती वेळ येतं, टेरेस गळतं का, भाडेकरू टिकतात का, हे सगळं त्यांनी सांगितलं. ब्रोशरमधून हे कळत नाही. ट्रान्सफर फीची महापालिका हद्दीतली कमाल मर्यादा २५,००० आहे, तेही तिथेच समजलं. सोसायटी आधी "डोनेशन" मागत होती. नियम दाखवल्यावर सोडलं.

भाडेकरार नोंदवलेलाच करा. महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो लेखी आणि नोंदणीकृत असावाच लागतो, आणि नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे. पोलिसांना भाडेकरूची माहिती तर द्यावीच लागते.

बँक लिलावातला फ्लॅटही मी बघितला होता, बाजारभावापेक्षा वीस टक्के कमी. सोडला. "जसे आहे, जिथे आहे" या अटीवर असतो तो. बोली जिंकली की २५ टक्के लगेच, त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या कामाच्या दिवशी, आणि बाकी ७५ टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत भरायचे. तेवढ्या वेळात कर्ज मंजूर झालं नाही तर भरलेले पैसे जप्त होऊ शकतात. आणि त्या फ्लॅटमध्ये मूळ मालकाची आई राहत होती. मला ते जमलं नसतं.

निवृत्त_बँकवाला | बुधवार, दुपारी १२.१५

नाशिककरांनी बरोबर केलं. बघा, त्यांचं कर्ज किमतीच्या निम्म्याहूनही कमी होतं आणि मुदत १० वर्षं. मृगशीर्षच्या बेतात कर्ज ८० टक्के, मुदत २० वर्षं, वर ताब्याची अनिश्चितता. दोघांनीही "फ्लॅट घेतला" असंच म्हणायचं, पण हे दोन वेगळे व्यवहार आहेत.

व्याजदराबद्दल एक सांगायचं राहिलं. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी फ्लोटिंग गृहकर्जं रेपो दरासारख्या (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो) बाहेरच्या मापाला बांधलेली आहेत. मे २०२२ मध्ये रेपो ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ मध्ये ६.५. नऊ महिन्यांत अडीच टक्के. ५० लाख, २० वर्षं, पावणेसात टक्क्यांनी हप्ता ३८,००० होता. सव्वानऊला तो ४५,८०० व्हायला हवा. बहुतेक बँकांनी हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली, म्हणून लोकांना कळलंच नाही. पण सव्वानऊ टक्क्यांनी ५० लाखांवर महिन्याचं नुसतं व्याजच ३८,५०० होतं, म्हणजे जुन्या हप्त्यापेक्षा जास्त. नुकतंच कर्ज घेतलेल्यांचं मुद्दल कमी व्हायचं थांबलं. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की स्थिर दरावर जायचं, हा पर्याय ग्राहकाला द्या. तुम्ही विचारलंत तर मिळतो.

नंतर दर उतरलेही. २०२५ च्या जूनपर्यंत रेपो ५.५ वर आला. पण २० वर्षांत असे चढउतार अनेकदा येणार. आजच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त धरून हप्ता झेपतो का, हे आधी बघा.

आणि मृगशीर्ष, तुमच्या घराचं कर्ज विसरू नका. २८,००० हप्ता आणि ११ वर्षं बाकी म्हणजे साडेआठ टक्क्यांनी सुमारे २४ लाख देणं आहे. त्यात आज १० लाख भरलेत आणि हप्ता तोच ठेवलात, तर ११ वर्षांचं कर्ज सव्वापाच वर्षांच्या आतच संपतं. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतीआधी पैसे भरायला दंड लागत नाही. कर्ज संपलं की २८,००० दर महिन्याला मोकळे. तेव्हा मुलगी नऊ वर्षांची असेल. मग दुसरी जागा बघा, हवं तर नाशिककरांसारखी निम्मं कर्ज काढून.

सगळेच पैसे मात्र भरू नका. सहा-आठ महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा. काही बँकांत ओव्हरड्राफ्ट पद्धतीचं गृहकर्ज असतं. त्यात जास्तीचे पैसे ठेवले की तेवढ्यावर व्याज लागत नाही आणि अडीनडीला ते काढता येतात.

हिशेबनीस | बुधवार, सायंकाळी ६.४०

टॅक्स वाचतो म्हणून दुसरं घर घेणारे माझ्याकडे अजून येतात, म्हणून थोडक्यात. जुन्या करपद्धतीत भाड्याच्या घराच्या व्याजामुळे होणारा तोटा पगाराच्या उत्पन्नातून वर्षाला २ लाखांपर्यंतच वजा होतो. नव्या पद्धतीत पगारातून अजिबात वजा होत नाही. तुमचं पहिल्या वर्षीचं व्याजच पावणेपाच लाखांच्या पुढे जाईल. बांधकाम चालू असताना भरलेल्या व्याजाची वजावट तर ताबा मिळाल्यावर पाच समान भागांत मिळते. ताबा लांबला की तीही लांबली.

किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. लोक विसरतात आणि नंतर व्याज-दंड भरतात. विक्रेता अनिवासी असेल तर हे १ टक्क्याचं गणित लागूच होत नाही, कापायची रक्कम खूप मोठी असते. आधी विचारा.

"थोडं रोख द्या" म्हटलं तर उठून या. जागेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, दंड तेवढ्याच रकमेचा. शिवाय रेराखाली परतावा मागायची वेळ आली तर रोख दिलेल्याचा पुरावा तुमच्याकडे नसतो.

दुबईकर | बुधवार, रात्री ९.३०

परदेशातून बघणाऱ्यांसाठी दोन शब्द. अनिवासी भारतीयांना भारतात शेतजमीन, फार्महाउस विकत घेता येत नाही. तरी इथल्या प्रदर्शनांत "फार्म प्लॉट" विकायला ठेवलेले असतात. आणि कुलमुखत्यारपत्र देताना ते ठरावीक फ्लॅटपुरतं, ठरावीक कामांपुरतंच द्या. माझ्या मित्राने सगे म्हणून सर्वाधिकार दिले होते. पुढचं लिहीत नाही.

मांडवी | गुरुवार, सकाळी ८.४५

आमच्याकडे गोव्यात पुण्या-मुंबईचे लोक सुट्टीचं घर म्हणून गुंतवणूक करतात, आणि महाराष्ट्रातली कागदपत्रांची यादी घेऊन येतात. इथे सातबारा नाही, एक-चौदाचा उतारा बघायचा. त्यात कुळाचं किंवा मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याचं) नाव आहे का ते आधी. मुंडकाराला १९७५ च्या कायद्याने संरक्षण आहे, त्याला उठवता येत नाही. जमीन कोमुनिदादची (गावाच्या सामाईक संस्थेची) नाही ना, रूपांतराची सनद (बिनशेती वापराची परवानगी) आहे का, तेही बघा. आणि विकणारा विवाहित असेल तर पोर्तुगीज काळापासूनच्या नागरी कायद्यामुळे सहसा नवराबायको दोघांचीही सही लागते. एकाच्या सहीवर व्यवहार केलेले इथे वर्षानुवर्षं कोर्टात आहेत.

आजीची_गोधडी | गुरुवार, सकाळी ११.००

आमच्यासारख्या ज्यांच्याकडे पाच-सहा लाखच आहेत त्यांनी काय करावं? एक मैत्रीण म्हणते रीट घे, म्हणजे भाड्याने दिलेल्या मोठ्या इमारतींमधला छोटा वाटा. हे विश्वासाचं आहे का?

हिशेबनीस | गुरुवार, दुपारी २.१०

रीटला सेबीचे २०१४ चे नियम लागू आहेत. भारतातला पहिला, एम्बसीचा, २०१९ ला शेअर बाजारात आला, नंतर माइंडस्पेस, ब्रुकफिल्ड, नेक्सस. किमान ८० टक्के मालमत्ता बांधून पूर्ण झालेल्या आणि भाडं देणाऱ्या असाव्या लागतात, आणि वाटपायोग्य रोकडीपैकी ९० टक्के युनिटधारकांना वाटावी लागते. माइंडस्पेसची ऐरोलीतली आणि येरवड्यातली ऑफिसं तुम्ही बाहेरून बघितली असतील. एक युनिटही घेता येतं, दोन दिवसांत विकता येतं. पण भाव रोज हलतो आणि ऑफिसं रिकामी पडली की उत्पन्न घटतं. मुदत ठेवीसारखं समजू नका. मात्र पाच-सहा लाखांत नोटरीचा तुकडा घेण्यापेक्षा मी शंभर वेळा हे सुचवेन.

कोथरूडची | गुरुवार, दुपारी ३.००

अजून एक. कर्जाला सहकर्जदार म्हणून सही करायची असेल तर दस्तात नाव आहे का ते प्रत्येक बाईने बघावं. एक टक्का वाचवायला नवऱ्याचं नाव वगळतात तसंच उलटंही होतं: बायकोचा पगार कर्जात, नाव मात्र इंडेक्स टूवर (नोंदवलेल्या दस्ताच्या सरकारी उताऱ्यावर) नाही. आणि दोघांनीही कर्जाएवढा साधा मुदत विमा घ्या.

मृगशीर्ष | रविवार, सायंकाळी ५.२०

चार दिवसांत जे झालं ते सांगते.

सेल्स ऑफिसला त्रिपक्षीय कराराचा मसुदा मागितला. "बुकिंगनंतर मिळतो" म्हणाले. बुकिंगआधी हवा म्हटल्यावर मॅनेजरचा फोन आला, ऑफर रविवारपर्यंतच आहे म्हणून. आम्ही नको म्हणालो. नवऱ्याने लगेच बँकेत जाऊन विचारलं: आमचं देणं २३ लाख ७० हजार आहे. १० लाख पुढच्या आठवड्यात भरतोय, हप्ता तोच ठेवून.

प्लॉटचं बाबांना पटत नव्हतं. सातबारा काका, तुमची पोस्ट मी त्यांना छापून दिली. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचली, काही बोलले नाहीत. काल मात्र स्वतःच म्हणाले, उतारा काढ. दलालाने गटनंबर द्यायला दोन दिवस लावले. आज ऑनलाइन काढला. भूधारणा पद्धतीसमोर "भोगवटादार वर्ग २" लिहिलंय, आणि इतर हक्कांत एका पतसंस्थेचा बोजा. याचा नेमका अर्थ काय?

सातबारा | रविवार, सायंकाळी ६.०५

वर्ग २ म्हणजे ती जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या, बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. कुठल्या प्रकारची वर्ग २ आहे, इनामी, वतनाची की सरकारने दिलेली, ते फेरफारावरून कळेल. बोजा म्हणजे मालकाने तीच जमीन आधी तारण ठेवलेली आहे. टोकन दिलं नाहीत ना?

मृगशीर्ष | रविवार, सायंकाळी ६.२०

नाही दिलं. बाबा ५१,००० चा चेक लिहून पाकिटात घालून ठेवत होते, आज जायचं होतं. दुपारी त्यांनी तो फाडला.